फुप्फुसावरणातील कर्करोगजन्य द्रवसंचय : चिकित्सा-संशोधनातील यशाचा निकष

कोणत्याही चिकित्सा-प्रयोगाचे मूल्य त्याच्या उत्तरापेक्षा त्याने विचारलेल्या प्रश्नावर अधिक अवलंबून असते. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग फुप्फुसावरणापर्यंत पसरला की आवरणाच्या दोन पडद्यांमध्ये द्रव साचू लागतो आणि रुग्णास धाप लागते. रोग या अवस्थेस पोचल्यावर आयुष्य बहुधा तीन ते बारा महिन्यांचे उरते. साहजिकच येथे उपचाराचा हेतू रोगमुक्ती नसून उरलेला काळ सुसह्य करणे हा असतो. तो हेतू साध्य झाला की नाही हे कशावरून ठरवावे, याविषयी या क्षेत्रातील संशोधक दीर्घकाळ एकमत नव्हते. आणि या मतभेदातच गेल्या काही वर्षांतील संशोधनाचे खरे स्वारस्य आहे.

जुना निकष क्ष-किरण-चित्राचा होता. १९३५ साली नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन शल्यचिकित्सकाने फुप्फुसावरणात शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड फवारून दोन्ही पडदे एकमेकांस चिकटविले. (चीनमध्ये याच बेथ्यूनच्या नावाने चाललेल्या रुग्णालयात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी पुढे सेवा केली.) बेथ्यूनचा हेतू फुप्फुसाचा खंड काढण्यापूर्वीची तयारी हा होता; परंतु पडदे चिकटले की द्रवास साचण्यास जागाच उरत नाही, या विचाराने तीच कृती कर्करोगजन्य द्रवसंचयावरील रूढ उपचार बनली. त्यानंतरचे प्रश्न मुख्यतः तंत्राचे राहिले : पूड कोणती, किती आणि कोणत्या मार्गाने घालावी? ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ३३० रुग्णांवर झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॅप्स’ या प्रयोगाने त्यांपैकी एक वाद बराचसा निकालात काढला. वक्षदर्शक दुर्बिणीतून पूड फवारली काय आणि नळीतून द्रवात कालवून सोडली काय, ९० दिवसांअखेर अपयशाचे प्रमाण अनुक्रमे २२ व २४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, आढळले. अल्प परंतु अर्थपूर्ण असा भेद टिपण्यास ही रुग्णसंख्या कदाचित अपुरी असेल, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

प्रश्न बदलला तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम-२’ या ब्रिटिश प्रयोगात. १०६ रुग्णांपैकी काहींना टाल्क देण्यात आले, तर काहींच्या छातीत कायमची मऊ नळी बसवून घरीच द्रव काढण्याची सोय करण्यात आली. पडदे चिकटले की नाही हे या प्रयोगाने प्रथम विचारलेच नाही. रुग्णाने १०० मिलिमीटरच्या रेषेवर रोज आपली धाप खूण करून दाखवावी आणि ४२ दिवसांच्या त्या खुणांची तुलना व्हावी, अशी त्याची योजना होती. दोन्ही गटांत धाप सारखीच कमी झाली. भेद पडला तो इतरत्र : नळीच्या गटात प्रारंभीचा रुग्णालयवास मध्यकाने शून्य दिवसांचा, तर टाल्कच्या गटात चार दिवसांचा होता, पुन्हा द्रव काढण्याची वेळ नळीच्या गटात ६ व टाल्कच्या गटात २२ टक्के रुग्णांवर आली, उलट अनिष्ट परिणाम नळीच्या गटात ४० व टाल्कच्या गटात १३ टक्के होते.

क्ष-किरण-चित्र आणि रुग्णाची धाप यांची फारकत किती होऊ शकते, याचा स्पष्ट पुरावा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम-३’ने दिला. द्रवात जाळी धरल्यामुळे ज्यांचा द्रव नळीतून निघत नव्हता अशा ७१ रुग्णांवर हा प्रयोग झाला. युरोकायनेज दिलेल्या गटात चित्रावरील छाया कमी झाली. धाप मात्र निष्क्रिय द्रव्य दिलेल्या गटापेक्षा कमी झाली नाही. शरीरक्रियेच्या दृष्टीने यात मोठेसे आश्चर्य नाही. काढलेल्या द्रवाच्या मानाने फुप्फुसाच्या आकारमानात होणारी वाढ पुष्कळच कमी असते. द्रवाच्या भाराने खाली दबलेले मध्यपटल मोकळे होणे हेच आराम पडण्याचे प्रमुख कारण असावे, असे आज मानले जाते.

तथापि जुना निकष सर्वस्वी निरर्थक ठरतो असे नव्हे. त्याच वर्षीच्या ‘अँपल-२’ प्रयोगात नळीतून रोज द्रव काढलेल्या गटात ६० दिवसांत ३७ टक्के रुग्णांचे पडदे आपोआप चिकटले. लक्षणांनुसार द्रव काढलेल्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. धापेत फरक पडला नाही. परंतु पडदे चिकटले म्हणजे नळी काढता येते, आणि छातीतून बाहेर आलेली नळी बाळगण्याचा जाच संपणे हेही रुग्णाच्या दृष्टीने लहान यश नव्हे. नळीतूनच टाल्क सोडणाऱ्या, याच वर्षीच्या ‘आयपीसी-प्लस’ने १५४ रुग्णांत ३५ व्या दिवशीचे हे यश २३ वरून ४३ टक्क्यांवर नेले, ते याच कारणाने मोलाचे आहे.

तिसरा निकष रुग्णालयात गेलेल्या दिवसांचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर व हाँगकाँग येथे १४६ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अँपल’ प्रयोगात तोच प्रधान मानला गेला. नळीच्या गटात मध्यक १० दिवस, टाल्कच्या गटात १२. मोजक्या महिन्यांच्या आयुष्यात घरी घालविलेला दिवस हे माप मानवी खरे. परंतु तेवढेच ते परिस्थितिसापेक्षही आहे. द्रव काढण्यास घरी परिचारिका येते की कुटुंबीयांनाच ते शिकावे लागते, निर्वात बाटल्यांचा खर्च कोण सोसतो, ज्वर आल्यास रुग्णालय किती कोसांवर आहे, यांवर त्याचा अर्थ अवलंबून असतो. म्हणून हे दोन दिवस वेगळ्या आरोग्यव्यवस्थेत जसेच्या तसे हिशेबात धरणे शास्त्रीय ठरणार नाही.

या प्रयोगांच्या मर्यादाही उघड आहेत. नळी की टाल्क हे रुग्णापासून लपविता येत नाही. आणि धापेचे माप तर रुग्णाच्याच सांगण्यावर उभे असते. शिवाय मोजणीचा दिवस उजाडण्यापूर्वीच काही रुग्ण मरण पावतात. शेवटची सरासरी त्यामुळे जे टिकले त्यांचीच अधिक असते, आणि सर्वांत अधिक त्रास सोसलेल्यांचा आवाज तीत क्षीण होतो. मोजणी दीर्घ केल्याने हा दोष दूर होत नाही, उलट वाढतो.

या सर्व प्रयोगांतून एकच उपचार सर्वश्रेष्ठ ठरला नाही, याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही. धाप दोन्ही मार्गांनी शमते, हे निश्चित झाले. त्यापुढील निवड, म्हणजे चार दिवस रुग्णालयात राहून नळीपासून सुटका, की लगेच घरी जाऊन नळीचा व संसर्गाचा धोका पत्करणे, ही ज्याचे आयुष्य आहे त्याच्या इच्छेची बाब ठरते. ती निवड डोळसपणे करता यावी इतकी माहिती रुग्णाच्या हाती देणे, हेच या संशोधनाचे आजवरचे खरे फलित होय.