भिवविणारा कोण? : एका प्रयोजक क्रियापदाची चिकित्सा

भयाचा अनुभव व्यक्तिगत असला, तरी भय उत्पन्न करण्याची क्रिया सामाजिक असते. तिला किमान दोन पक्ष लागतात: भिवविणारा आणि भिणारा. या दोन पक्षांची वाक्यात कशी मांडणी होते, यावरून ती भाषा बोलणारा समाज भयाची जबाबदारी कोणावर टाकतो, हे कळू शकते. ‘भेडसावणे’ या क्रियापदाच्या आजच्या वापराकडे या दृष्टीने पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्रजीतील ‘स्केअर’ या नित्याच्या क्रियापदाशी तुलना केल्यास प्रश्न स्पष्ट होईल. या क्रियापदाला कर्ता म्हणून माणूस चालतो, कुत्रा चालतो, परीक्षा चालते आणि नुसता विचारही चालतो. भिवविण्याचा हेतू होता की नव्हता, याविषयी ते उदासीन असते. मराठीची प्रकृती वेगळी आहे. ‘परीक्षा मला घाबरविते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी कानाला भाषांतरित वाटते. मराठी माणूस ‘मला परीक्षेची भीती वाटते’ असे म्हणतो. वादळ आम्हांला घाबरवीत नाही. वादळाने आम्ही घाबरून जातो. ‘घाबरविणे’ किंवा ‘भिवविणे’ ही प्रयोजक रूपे मराठी बोलणारा सहसा तेव्हाच योजतो, जेव्हा समोर हेतू बाळगणारा, निदान सजीव असा कर्ता असतो.

येथे ‘ला’ या प्रत्ययाचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. ‘मुलगा कुत्र्याला भितो’ या वाक्यात तो भयाच्या कारणाला लागतो. ‘कुत्रा मुलाला भिववितो’ या वाक्यात भिणाऱ्याला. एकच प्रत्यय दोन्ही पक्षांना लागत असल्यामुळे भय कोणाकडून कोणाकडे जाते, याचा निर्णय क्रियापदावर येऊन पडतो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) प्रयोजक क्रियापदांचा विचार प्रामुख्याने रूपसिद्धीच्या अंगाने करण्याची आपल्याला सवय आहे. परंतु प्रयोजकता ही अखेर कर्तेपणाची, म्हणजेच उत्तरदायित्वाची बाब आहे.

बोलभाषा हे उत्तरदायित्व फार नेमकेपणाने नोंदविते. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकसारख्या, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि सहकारी साखर कारखान्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या गावाचे उदाहरण घेऊ. ‘दम देणे’, ‘दमदाटी करणे’, ‘धाक दाखविणे’, ‘दटावणे’, ‘धमकावणे’, ‘दहशत बसविणे’ हे शब्दप्रयोग अशा ऊसपट्ट्यातील बोलण्यात सहज येतात. त्यांतील प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा असतो. कोणी दम दिला, असे विचारले की उत्तरादाखल नाव येते, किंवा नाव घेण्याचे टाळले जाते. आणि हे टाळणेही अर्थपूर्णच असते. याउलट ‘उसात बिबट्या आहे’ या वाक्यात भयाचा एकही शब्द नाही. ऐकणारा घाबरतो, पण त्याला कोणी घाबरविलेले नसते. माणसाने घातलेली भीती आणि परिस्थितीतून वाटणारी भीती यांतील भेद बोलभाषा असा सांभाळते.

‘भेडसावणे’ने हा भेद पुसत आणला आहे. या क्रियापदाला आज मूळ साधे रूप प्रचारात नाही. ‘भिणे–भिवविणे’ यासारखी त्याची जोडी नाही. ‘मुलाला उगीच भेडसावू नकोस’ असा सजीव कर्ता असलेला वापर आता क्वचितच आढळतो. वर्तमानपत्रांच्या आणि अहवालांच्या गद्यात त्याचा कर्ता बहुधा भाववाचक असतो: समस्या भेडसावते, बेरोजगारी भेडसावते, पाणीटंचाई भेडसावते.

‘तालुक्याला पाणीटंचाई भेडसावते’ हे वाक्य बारामती किंवा इंदापूरच्या संदर्भात वाचून पाहावे. कालव्याखालील बागायत आणि कालव्याबाहेरील जिरायत असे या मुलखाचे दोन भाग आहेत. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला. तो कोठून न्यावा, हे माणसांनी ठरविले. पुढे पाण्याचे आवर्तन, पिकांची निवड, वाटपाचा क्रम यांचे निर्णयही माणसांनीच घेतले. वरील वाक्यात मात्र पाणीटंचाई स्वतःच कर्ता होते आणि निर्णय घेणारे सर्वजण वाक्याबाहेर जातात. शिवाय ‘तालुक्याला’ या एका शब्दात बागायतदार आणि जिरायतदार एकाच भयाचे समान वाटेकरी ठरतात.

यावर असा आक्षेप घेता येईल, की प्रत्येक भयाला मानवी कर्ता असतोच असे नाही. हा आक्षेप रास्त आहे. १९७२ च्या दुष्काळातील अवर्षण कोणी घडविले नव्हते. तसेच ‘जुन्या आठवणी त्याला भेडसावतात’ या वाक्यात भिवविणारा भिणाऱ्याच्याच मनात असतो. तेथे हे क्रियापद समर्पक आहे. तेव्हा विरोध भाववाचक कर्त्याला नाही. ज्या वाक्यापुढे ‘कोण?’ हा प्रश्न सार्थपणे विचारता येतो आणि तरीही वाक्यरचनाच तो विचारू देत नाही, तेथे विरोध केला पाहिजे.

साहित्यकृती हा प्रश्न अनेकदा धैर्याने विचारतात. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत जात लपविणाऱ्या निवेदकाचे भय अमूर्त राहत नाही. जात उघड होताच ते माणसांच्या हातांनी केलेल्या मारहाणीचे रूप घेते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये बेणारेला भिवविले जाते ते अभिरूप न्यायालयाच्या खेळातून. ‘हा तर खेळ’ असे म्हणत प्रत्येकजण आपले कर्तेपण झाकतो, आणि नाटक ते झाकण बाजूला करते. या दोन्ही कृतींविषयी लिहिताना समीक्षक मात्र ‘नायकाला जातवास्तव भेडसावते’, ‘बेणारेला समाजव्यवस्था भेडसावते’ असे लिहून जातो. कृतीने कष्टाने उभा केलेला कर्ता समीक्षेच्या एका वाक्यात पुन्हा नाहीसा होतो. हा केवळ शैलीचा दोष नव्हे. तो अर्थनिर्णयाचा दोष आहे.

आई मुलाला ‘बागुलबुवा येईल’ म्हणते, तेव्हा वाक्याचा कर्ता बागुलबुवा असतो; भिवविणारी आई असते. मूल मोठे झाले की त्याला हे उमगते. ‘समस्या’, ‘व्यवस्था’, ‘वास्तव’ हे आपल्या प्रौढ गद्यातील बागुलबुवा आहेत. त्यांच्याआड कोण बोलत आहे हे ओळखणे, आणि ज्या वाक्यात भिणारा आहे त्यात भिवविणाऱ्यालाही जागा करून देणे, एवढी अपेक्षा समीक्षेच्या भाषेकडून करावयास हवी.