एका घरातल्या दोन कादंबऱ्या

यंदाच्या पावसाळ्यात विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणि विभावरी शिरूरकरांची 'बळी' या दोन कादंबऱ्या मी लागोपाठ वाचल्या. पहिली चौथ्यांदा, दुसरी प्रथमच सलग. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे वाचकांना सांगायला नकोच. दोघांचे लग्न १९३८ चे, 'रणांगण' १९३९ ची, 'बळी' १९५० ची. एकाच घरात लिहिल्या गेलेल्या या कादंबऱ्या आपण मात्र दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या. एक कलाकृतींच्या, दुसरी सामाजिक प्रश्नांच्या. माझी तक्रार या कपाटांबद्दल आहे.

'रणांगण'ची ख्याती प्रेमकथा म्हणून. नाझी जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू एका इटालियन बोटीवरून शांघायकडे निघाले आहेत. त्याच बोटीवर चक्रधर विध्वंस मुंबईला परततो आहे. हॅर्टा आणि तो थोड्याच दिवसांत एकमेकांत गुंततात. मुंबईला तो उतरतो, ती पुढे जाते आणि पुढच्या प्रवासात समुद्रात उडी घेते. उमाने नाकारल्यापासूनचा चक्रधरचा कडवटपणा आणि त्या निवेदनाची तुटक धार यांवर आपल्या टीकाकारांनी मन लावून लिहिले आहे. ते योग्यच. पण प्रेमावर एवढे लक्ष दिले की बोटीवरच्या माणसांचे कागद नजरेआड होतात. ही माणसे शांघायलाच का चालली आहेत? तिथले जीवन त्यांना खुणावते म्हणून नव्हे. बहुतेक देशांची दारे बंद असताना शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून. आणि त्यांचा गुन्हा कोणता? अमुक आईबापांच्या पोटी जन्म घेतला, एवढाच.

आता 'बळी' उघडा. मांगगारुडी आणि त्यांच्यासारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरला अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. लोक तिला सेटलमेंट म्हणत. तिथे माणसांची हजेरी घेतली जाई, बाहेर जायला पास लागे, आणि तिथले लोक सोलापूरच्या गिरण्यांत मजुरी करत. मालतीबाईंनी तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात याच वसाहतींच्या खात्यात सरकारी नोकरी केली. 'बळी' त्या अनुभवातून आली आहे. तारेआडच्या माणसांचा गुन्हाही जन्माचाच होता. बेडेकरांची बोट जगाच्या एका टोकाला आणि मालतीबाईंची तार सोलापुरात, हे खरे. पण माणसाला त्याच्या कुळावरून मोजणारे सरकार दोन्हीकडे आहे.

मग 'रणांगण'मधला पासपोर्ट आपल्याला मानवी शोकांतिका का वाटतो, आणि 'बळी'मधली हजेरी समाजशास्त्र का? मला याचे एकच उत्तर दिसते. जर्मनी लांब आहे. तिथला अन्याय वाचताना आपल्या हाताला काही लागत नाही. सोलापूर रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर आहे, आणि कुंपण उभारणाऱ्या सरकारच्या कचेरीत आपलेच आजे-पणजे कारकून होते.

कलादृष्टीने दोन्ही सारख्याच उतरल्या आहेत, असे मी म्हणणार नाही. 'रणांगण' सरसच आहे. 'बळी'मध्ये अधूनमधून कथा थांबते आणि लेखिका परिस्थिती समजावून सांगू लागते. तिथे मास्तरकी जाणवते, वाचकाच्या बुद्धीवरचा विश्वास कमी पडतो. पण 'रणांगण'च्या सरसपणाचीही एक किंमत आहे. चक्रधर बोटीवरून उतरू शकतो आणि ते त्याला आयुष्यभर टोचणार, या टोचणीवर सारी कादंबरी उभी आहे. त्यामुळे शेवटी हॅर्टाचे मरण चक्रधरच्या अपराधाचा पुरावा होऊन बसते. मरते ती, आणि आपण विचार करत राहतो त्याचा. चौथ्या वाचनात हे मला जास्तच खटकले.

'बळी'त असा उतरून जाणारा नायक नाही. दिवसामागून दिवस जातात, हजेरी होते, तार जागच्या जागी राहते. आतली माणसे सोशिक, निष्पाप वगैरे नाहीत. ती भांडतात, पितात, फसवतात, हौसही करतात. कायद्याच्या लेखी हे सगळे गुन्हेगार, सुधारकांच्या लेखी सगळे बिचारे. मालतीबाई यांपैकी कुठल्याच साच्यात त्यांना ओतत नाहीत. १९५० सालच्या मध्यमवर्गीय लेखिकेच्या हातून हे झाले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या बाईंनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून टोपणनावाआड राहणे पसंत केले, त्यांचीच ही पुढची हिंमत.

तरी एक उणीव राहतेच. त्या वसाहतीचे फाटक मालतीबाईंना उघडे होते, कारण त्या सरकारी नोकर होत्या. बेडेकरांनी स्वतःच्या बाजूची अशीच सवलत 'मी'च्या तोंडून कबूल केली. मालतीबाईंचे निवेदन तृतीयपुरुषी आहे, त्यात संध्याकाळी फाटकाबाहेर पडणारी बाई 'मी' म्हणून कुठे बोलत नाही. ती बोलली असती तर 'बळी' 'रणांगण'च्या बरोबरीने उभी राहिली असती, असे मला राहून राहून वाटते.

पुढे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले. भटक्या-विमुक्तांच्या जगातला 'मी' आतूनच बोलू लागला, आणि 'बळी' बाहेरच्या बाईने लिहिलेली म्हणून आणखी मागे सरली. या हिशेबात एक चूक आहे. तो कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. या आत्मकथनांमध्ये कायदा गेल्यानंतरचा पोलीस, गाव आणि भूक आहे. तार प्रत्यक्ष उभी असतानाचे दिवस रोजच्या बारकाव्यांनिशी पाहिलेल्या मराठी लेखकांत मालतीबाईंचे नाव आधी घ्यावे लागेल. 'उपरा' आणि 'उचल्या' यांच्यामुळे 'बळी' रद्द होत नाही, उलट तिची गरज वाढते.

सोलापुरात वस्तीच्या नावात सेटलमेंट हा शब्द अजून वापरात आहे. 'रणांगण'च्या एखाद्या नव्या आवृत्तीला कोणी प्रस्तावना लिहायला बसेल, तेव्हा त्यात शांघायच्या व्हिसाच्या शेजारी सोलापूरच्या हजेरीलाही दोन पाने मिळावीत.