मायेचे तीन गुण

"हक्कसोडावर सही केली की माया कितीनं वाढते?" मैत्रिणीनं मान वर न करता विचारलं. तिच्या मांडीवर माझा लॅपटॉप होता आणि त्यात मी चार महिने लिहीत असलेली गोष्ट. वडील गेल्यावर बहीण पाच दिवसांसाठी गावी येते. थोरल्या भावाची अपेक्षा असते की जाण्याआधी तिनं घराच्या हक्कसोडपत्रावर सही करावी. ती काय बोलते, काय करते, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मैत्रीण दहा मिनिटं भावाशी बोलत होती. अकराव्या मिनिटाला ती आकड्याशी बोलू लागली.

मी उत्तर दिलं, "तीननं." आणि दिल्यावर गप्प झाले.

हा प्रकार व्हिज्युअल नॉव्हेलचा. पडद्यावर चित्र, खाली संवादाची चौकट, मधूनमधून दोन-तीन पर्याय. त्यात पात्राचे गुण आकड्यांत मोजले, की रोल-प्लेइंगचा भाग येतो. मी वापरते ते रेनपाय हे मोफत गेम इंजिन टॉम रॉथामेल यांनी २००४ मध्ये सुरू केलं. नावातलं 'रेन' हे जपानी 'रेनआय' म्हणजे प्रेम या शब्दातून आलं आणि 'पाय' पायथन या संगणकीय भाषेतून. त्यात आकडा ठेवणं फार सोपं आहे. एका ओळीत माया शून्य म्हणायचं, पुढे हवं तिथे एक मिळवायचा, आणि सात झाले की भावाला रडू येऊ द्यायचं.

सोपं असल्यामुळेच मी विचार केला नव्हता. सहीला तीन गुण आणि वाटा मागितला तर वजा दोन, हे मीच लिहिलं होतं. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, हे मी कुठेही ठासून सांगेन. माझ्या गोष्टीतली बहीणही तसंच बोलते. पण खालचा हिशेब सांगत होता की सही करणारी बहीण मायाळू आणि वाटा मागणारी कोरडी. संवाद माझे होते, तसा आकडाही माझाच होता, आणि आकडा जास्त खरं बोलत होता. मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशी सही केली आहे.

तेव्हापासून अशा कलाकृती वाचताना मी आधी आकडे वाचते. इथे काय मोजलंय, कुणाचं मोजलंय, आणि ते वाचणाऱ्याला कसं दिसतं? या प्रश्नांसाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती 'लाँग लिव्ह द क्वीन' (२०१२). हनाको गेम्सची ही कृतीही रेनपायमध्येच बनलेली आहे. एलोडी चौदा वर्षांची आहे. आई, म्हणजे राणी, वारली आहे. राज्याभिषेकाला चाळीस आठवडे आहेत आणि तोवर जिवंत राहायचं आहे. दर आठवड्याला दोन वर्ग निवडायचे. दरबारी रीत, विषांची ओळख, हिशेब, घोडे, इतिहास अशी बेचाळीस कौशल्यं आहेत आणि ती सगळी शिकायला चाळीस आठवडे पुरत नाहीत.

इथले हे आकडे एलोडीला काय येतं ते सांगतात. समोरच्याचं मन मोजण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. शिवाय तिचा मूड शिकण्यात हात घालतो. उदासी किंवा भीती काही विषयांना मारक ठरते, काहींना पोषक. आई गेलेल्या मुलीचं दुःख इथे वर्णनात फारसं येत नाही. ते वेळापत्रकात येतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही कृती अपयश लपवत नाही. प्रसंग चालू असताना पडद्यावर दिसतं की अमुक कौशल्याची कसोटी लागली आणि ती हुकली. चॉकलेटांचा डबा भेट येतो. विषांबद्दल काही शिकली नसाल, तर एलोडी ते आनंदानं खाते. जे कळलं नाही त्याची नोंद डोळ्यांसमोर असते. अज्ञान असं दाखवणं साध्या कादंबरीला जमणं अवघड, कारण तिथे जे सांगितलं नाही ते नुसतं नसतंच.

पण तिचा दोषही इथूनच निघतो. पाचव्या खेपेला मी वहीत कोष्टक आखून बसले होते. कोणत्या आठवड्यात काय शिकलं म्हणजे कोण मरत नाही, एवढंच त्यात होतं. मृत्यूची चित्रं गोंडस बाहुल्यांसारखी आहेत. पहिल्यांदा त्यांनी दचकायला होतं, मग ती गोळा कराविशी वाटतात. नीट दाखवलेला आकडासुद्धा अखेर माणसाला हिशेबनीस करतो.

म्हणून मी माया काढून टाकली. तिच्या जागी दुरावा मोजला आणि तो पडद्यावर कुठेही दाखवला नाही. त्याची गरजही नव्हती, कारण आपल्या भाषेत त्याचं मोजमाप आधीच आहे. दादा बहिणीला 'तू' म्हणतो. दुखावला की "तुम्ही ठरवा काय ते" म्हणतो. हा आदर नव्हे, हे घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. काम मात्र दुप्पट झालं. नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही, 'आलीस'चं 'आलात' होतं, म्हणून दादाचं जवळजवळ प्रत्येक वाक्य दोनदा लिहिलं.

आणखी एक निर्णय उरला होता. रेनपायमध्ये माऊसचं चाक मागे फिरवलं की आधीचं वाक्य परत येतं आणि आकडेही पूर्ववत होतात. बोललेला शब्द मागे घेता येतो. लेखकाला ही सोय हवी तिथे बंद करता येते. भांडणात मी ती चालू ठेवली. घरातली भांडणं मनात आपण तशीही पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघतोच. कचेरीच्या प्रसंगात मात्र बंद केली. सही करा किंवा करू नका, तिथून मागे जाता येत नाही. गुण कशालाच नाहीत.

मैत्रिणीनं परवा पुन्हा खेळून पाहिलं. या वेळी तिनं सही केली नाही. एसटीच्या वेळेआधी दादा दारात आला आणि म्हणाला, "तुम्ही जेवून जा." ती बराच वेळ पुढची कळ दाबेना. किती गुण मिळाले, हे तिनं विचारलं नाही.