टोकन आहे, कारकून नाही

रांगेबद्दल बोलायचा अधिकार माणसाला दोन तऱ्हांनी मिळतो. एक, आयुष्यभर रांगेत उभं राहून आणि दुसरा, आयुष्यभर रांगेच्या पलीकडे बसून. बँकेत कारकून असल्यामुळे मला तो दुसऱ्या तऱ्हेनं मिळाला आहे, आणि रेशन, रेल्वे व मुलीची शाळा यांच्या कृपेनं पहिल्याही तऱ्हेनं. तेव्हा आज मी एका परदेशी रांगेवर जी टीका करणार आहे, ती 'बी. कॉम. माणसानं कॉम्प्युटरमध्ये नाक खुपसू नये' असं म्हणून कृपा करून उडवून लावू नये.

ही रांग आहे जँगो नावाच्या फ्रेमवर्कमधली. फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मला माझ्या भाचीनं तीनदा समजावून सांगितलं आहे. वेबसाइट बांधणाऱ्याला दर खेपेला पाया खणण्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून जो तयार सांगाडा मिळतो, तो फ्रेमवर्क. जँगोचा जन्म अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ साली तो जगाला फुकट वाटण्यात आला. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. १९२८ साली आगीत भाजून या गृहस्थाच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांवर त्यानं दुनिया गाजवली. मीही बँकेत दोनच बोटांनी टाइप करतो, पण माझं नाव अजून कोणी कशाला दिलेलं नाही. असो.

या जँगोशी माझा संबंध आला तो आमच्या वाचनालयामुळे. मी तिथला मानद खजिनदार आहे. बँकेतला माणूस दिसला की गावातली प्रत्येक संस्था त्याला खजिनदार करते. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून याची हौस फिटली नसेल, अशी लोकांची समजूत असते. भाचीनं वाचनालयाला एक वेबसाइट करून दिली. घरबसल्या सहाशे रुपये वार्षिक वर्गणी भरा, पावती मेलवर मिळेल. कार्यकारिणीनं तिला नारळ आणि शाल दिली. ती पुण्याला गेली.

पुढं एकदा कीर्द जुळवायला बसलो, तर ताळा लागेना. बाराशे रुपये जास्त. कमी पडलेला पैसा माणसाला घाबरवतो, पण कारकुनाला जास्त आलेला पैसाच अधिक घाबरवतो. शोधता शोधता सापडलं, की एकाच नावावर, एकाच संध्याकाळी, अकरा मिनिटांत तीनदा सहाशे जमा. नाव होतं आमच्या गणिताच्या सरांचं. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं, त्यात मीही आलो. मग लक्षात आलं, की सर तीन आठवडे वाचनालयात फिरकलेले नाहीत.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सरांनी चहा सांगितला, पण माझ्याकडे बघेनात. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "चूक माझीच झाली रे. ते चाक नुसतं फिरत राहिलं, मग काहीतरी इंग्रजीत उमटलं. म्हटलं पैसे गेले नसतील, म्हणून पुन्हा भरले. नंतर बँकेचं पुस्तक पाहिलं तेव्हा कळलं. पण आता या वयात विचारायला यायचं म्हणजे… लोक म्हणणार, सरांना तीन आणि एक कळेना."

ज्या माणसानं मला चक्रवाढ व्याज शिकवलं, तो माझ्यासमोर बाराशे रुपयांसाठी मान खाली घालून बसला होता. आणि चूक त्याची नव्हतीच. बाराशे रुपये टेबलावर ठेवून मी बाहेर पडलो आणि रस्त्यातूनच भाचीला फोन लावला. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मामा, माझं चुकलं."

चुकलं होतं ते असं. पैसे आले, नोंदही झाली. पण पावतीची पीडीएफ करून मेल पाठवायचं कामसुद्धा तिनं त्याच दमात ठेवलं होतं. म्हणजे रोखपालानं पैसे मोजून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, 'थांबा हं, एवढी पावती पोस्टात टाकून येतो.' त्या दिवशी पोस्टच रखडलं. त्यात सर्व्हरवर गुनिकॉर्न नावाचा एक मुकादम असतो. वेगळं काही सांगितलं नसेल, तर तो प्रत्येक कामगाराला तीस सेकंदांची मुदत देतो. तेवढ्यात कामगारानं जिवंतपणाची खूण दिली नाही, की मुकादम त्याला काढतो आणि नवा बसवतो. तीस सेकंद! आमच्याकडे एवढ्या वेळात चष्मासुद्धा पुसून होत नाही. कामगार गेला आणि सरांच्या पडद्यावर इंग्रजी उमटलं.

यावर उपाय म्हणजे रांग. गिऱ्हाइकाला 'पैसे जमा झाले' सांगून मोकळं करायचं. पावतीचं काम एका चिठ्ठीवर लिहून मागच्या खोलीत द्यायचं. मागचा माणूस सवडीनं चिठ्ठ्या उचलून कामं करील. मी नोकरीला लागलो तेव्हा पितळी टोकनं अजून वापरात होती, त्यामुळे हे मला शिकवायची गरज नव्हती. जँगोवाले मात्र इतकी वर्षं ही सोय बाहेरूनच आणत. २००९ साली आलेलं सेलरी हे त्यातलं प्रसिद्ध नाव. पण सेलरी आणायचं तर चिठ्ठ्या ठेवायला रॅबिटएमक्यू किंवा रेडिस यांपैकी कोणाचं तरी बिऱ्हाड थाटायला हवं. चारशे सभासदांच्या वाचनालयाला हा संसार झेपणारा नव्हता. "पण आता घरचीच रांग आली आहे, मामा," भाची म्हणाली. डिसेंबर २०२५ मध्ये जँगोची ६.० आवृत्ती आली, तिच्यात 'टास्क' नावाची सोय आहे. फंक्शनच्या कपाळावर 'टास्क' अशी टिकली लावायची आणि हाक मारताना 'एनक्यू' म्हणायचं, झालं!

तिनं रात्री जागून टिकल्या लावल्या. सकाळी मी वर्गणी भरून पाहिली. चाक फिरत होतं ते फिरतच राहिलं. रांग लावली होती, पण गिऱ्हाईक उभं ते उभंच. तेव्हा मात्र मी तिच्याकडून त्या सोयीचं माहितीपुस्तक मागवून घेतलं आणि एक रविवार खर्ची घालून शब्दकोशासकट वाचून काढलं.

या रांगेवर जँगोनं स्वतःच्या पदरचे दोन कारकून दिलेले आहेत. पहिल्याचं नाव इमिजिएट. तुम्ही दुसरं काही सांगितलं नाही, तर आपोआप हाच नेमला जातो. 'हे काम मागाहून कर' म्हणून चिठ्ठी दिली, की हा ते तिथल्या तिथं, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून उरकतो. चिठ्ठीवर 'उद्या दहानंतर' असं लिहायचीही सोय आहे, पण तसं लिहिलं तर हा चिठ्ठीच घेत नाही. दुसऱ्याचं नाव डमी. हा चिठ्ठी अदबीनं घेतो, क्रमांक घालतो, 'रेडी' असा शेरा मारतो आणि ठेवून देतो. तो शेरा पुढं कधीही बदलत नाही. उद्याचं काम दिलं तरी तो आनंदानं घेतो, कारण आजचंही त्याला करायचं नसतंच. हा फक्त चाचणीसाठी आहे, प्रत्यक्ष कामावर ठेवू नये, असं पुस्तकात स्पष्ट छापलं आहे. एवढी स्पष्ट सूचना कचेऱ्यांतून लावली, तर निम्मी टेबलं रिकामी होतील.

आणि तिसरा? मागच्या खोलीत बसून खरोखर चिठ्ठ्या उपसणारा? तो नाही! चिठ्ठी घेण्याची व्यवस्था आमची, ती पार पाडणारा वर्कर तुमचा तुम्ही आणा, असा एकूण करार आहे. म्हणजे नव्या शाखेत चकचकीत काउंटर, टोकनं, वर पंखा, आणि आतल्या खुर्चीवर कोणी नाही.

टीकाकारानं न्यायानंही वागलं पाहिजे, म्हणून चांगलं तेही सांगतो. चिठ्ठीचा नमुना झकास आहे. चिठ्ठीवर साधे आकडे आणि अक्षरं लिहिता येतात, अख्खा सभासद तिला बांधून पाठवता येत नाही. सभासद क्रमांक लिहायचा आणि मागच्या माणसानं खतावणी उघडून ताजा पत्ता काढायचा. हे आम्ही आधीपासून करतो. चिठ्ठीला उणे शंभरापासून शंभरापर्यंत अग्रक्रम देता येतो. आमच्याकडे अग्रक्रम दोनच असतात, साहेबांच्या ओळखीचा आणि इतर. शिवाय नमुना सगळ्यांचा एकच झाल्यामुळे, जँगोसाठी सुटे भाग बनवणाऱ्याला मागच्या खोलीत कोण बसतो हे विचारत बसावं लागत नाही.

शेजारच्या घरातही हेच घडलं होतं. रेल्स नावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कनं डिसेंबर २०१४ मध्ये असाच चिठ्ठीचा नमुना काढला, नाव ॲक्टिव्ह जॉब. घरचा कारकून नेमायला मात्र नोव्हेंबर २०२४ उजाडला. रेल्सच्या आठव्या आवृत्तीत सॉलिड क्यू नावाचा कारकून आला आणि त्यानं रांग थेट डेटाबेसमध्येच ठेवली, दुसरं बिऱ्हाड नको. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करायची कामंसुद्धा तो यादी लावून करतो. डेटाबेसमधली रांग म्हटलं की पूर्वी लोक नाकं मुरडत, कारण दोन कारकुनांचा हात एकाच व्हाउचरवर पडला की दुसरा खोळंबायचा. त्यावर 'स्किप लॉक्ड' ही तोड निघाली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती २०१६ साली, ९.५ आवृत्तीत आली. ज्या व्हाउचरवर दुसऱ्याचा हात आहे ते सोडून खालचं उचल, एवढाच अर्थ. आमच्या शाखेत हे दोन शिपायांना सांगावं लागलं होतं, डेटाबेसलाही सांगावं लागलं हे वाचून बरं वाटलं.

तेव्हा जँगोवर माझा खरा आक्षेप कारकून नसल्याचा नाही. माणूस पुढंमागं नेमला जाईल. आक्षेप आहे तो इमिजिएटला आपोआप खुर्चीवर बसवण्याला. त्यांचं म्हणणं असं, की मागच्या खोलीची व्यवस्था होईपर्यंत हळूहळू टिकल्या लावून ठेवता याव्यात. म्हणणं समंजस आहे. पण त्यामुळे ज्याला मागची खोलीच नाही, त्यालाही आपल्याकडे ती आहे असं वाटतं. माझ्या भाचीला वाटलंच की! कारकून नसेल तर खिडकीवर 'बंद' अशी पाटी हवी. नाहीतर पाटी बांधणाऱ्याला दिसत नाही, आणि तिची किंमत मान खाली घालून कोणी निवृत्त मास्तर देतो.

पुढं भाचीनं एक बाहेरचं पॅकेज आणून वर्कर बसवला. त्याची रांग आमच्या कीर्दीच्याच डेटाबेसमध्ये आहे. याचा एक मोठा गुण मी तिला समजावून दिला, तिनं मला नव्हे. वर्गणीची नोंद आणि पावतीची चिठ्ठी एकाच व्यवहारात बसतात. पक्की झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही, जशी जमा आणि नावे. रांग दुसऱ्या घरी असेल, तर नोंदीची शाई वाळायच्या आत चिठ्ठी पुढं जाते आणि मागचा माणूस खतावणीत शोधतो तर असा सभासदच नाही. त्यासाठी जँगोत 'ऑन कमिट' ही जुनी सोय आहे, नोंद पक्की झाल्यावरच चिठ्ठी सोडायची. ती वापरायला मात्र आठवण लागते.

दुसरी गोष्ट तिनं मला सांगितली. मेल पाठवून झाल्यावर, पण शेरा मारायच्या आत वर्कर कोसळला आणि कोणी चिठ्ठी पुन्हा रांगेत घातली, तर पावती दोनदा जाणार. मी म्हटलं, "अगं, मग 'दिलं' असा शिक्का आहे की नाही ते आधी बघायचं." शिक्क्याचा नवा रकाना त्याच रात्री झाला. पूर्ण इलाज तोही नाही, पण चुकीची फट अरुंद झाली. नापास झालेली चिठ्ठी आपणहून पुन्हा करायची सोय जँगोच्या घरच्या सामानात अजून नाही, म्हणून नापासांची यादी रोज रात्री जेवणानंतर मी पाहतो. ही म्हणते, "बँकेतून येऊन परत बँकच." पण दिवसअखेर ताळा घेणारा माणूस कुठल्याच पॅकेजात मिळत नाही.

परवा सरांचा फोन आला. नातवासाठी बालविभागाची वर्गणी त्यांनी मोबाइलवरून भरली होती.

"चाक फिरलं नाही हो या खेपेला," सर म्हणाले. "लगेच आलं, वर्गणी जमा झाली, पावती थोड्या वेळात येईल. पण थोड्या वेळात म्हणजे किती?"

गणिताच्या मास्तरांचा प्रश्न होता. मी 'बघतो, सर' म्हणून यादी उघडेपर्यंत पलीकडून आवाज आला, "थांब, आली! एकच आली." मग थोडा वेळ शांतता. सर पावती वाचत होते.

"अरे, खजिनदारातला जि ऱ्हस्व असतो. इथं दीर्घ पडलाय. उद्या मी वाचनालयात येतोच आहे, तेव्हा दाखवतो."