फुकट नाटक आणि राजाचा माणूस

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात प्रॉस्पेक्ट पार्क नावाची बाग आहे. तिथं 'मोलिएर इन द पार्क' ही मंडळी जुनी फ्रेंच नाटकं फुकट करतात. 2020 च्या टाळेबंदीत बागेत जमणं बंद झालं, तर यांनी 'तार्त्युफ' पडद्यावरून फुकट दाखवलं. घरमालक ऑर्गोनची भूमिका समिरा वायली या काळ्या नटीनं केली. चांगलं झालं. तिकीट गेलं की दाराबाहेरचा माणूस आत येतो. आपला आंबेडकरी जलसाही उघड्यावरच व्हायचा.

पण मित्रहो, नाटक काय सांगतं तेही बघू. तार्त्युफ भक्तीचं सोंग घेऊन घरात शिरतो, इस्टेट लिहून घेतो, मालकाच्या बायकोवर डोळा ठेवतो. हा बुवा आपल्याही ओळखीचा. दोरीन ही मोलकरीण पहिल्यापासून त्याला ओळखून आहे. मालकाला तोंडावर सांगते. ऐकतो कोण? लोक हसतात, मालक इस्टेट देऊन मोकळा! शेवटी घर वाचतं ते राजाचा अंमलदार बुवाला पकडतो म्हणून.

असं का? 1664 साली व्हर्सायला प्रयोग झाला आणि धर्माच्या ठेकेदारांनी तो बंद पाडला. परवानगी मिळायला 1669 उजाडलं. दिली राजानंच. मग नाटकात राजाची आरती येणारच. मोलिएरला दोष देत नाही.

पण आज बागेत बसलेल्याला कुठला राजा वाचवणार? फुकट नाटकानं फाटक उघडलं, अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे दोरीनचं ऐकणं. ज्या प्रयोगात ती नुसती हशा पिकवते, तो फुकट असूनही मालकाचाच.