आकलन की उत्तरशोध? : शालान्त परीक्षेतील इंग्रजी उताऱ्यांची चिकित्सा

१

शालान्त परीक्षेच्या इंग्रजी विषयात उताऱ्यांवरील प्रश्नांचे स्थान गुणांच्या दृष्टीने मोठे आहे. विचाराच्या दृष्टीने मात्र ते उपेक्षितच राहिले आहे. पाठ्यपुस्तकात कोणती कविता असावी, व्याकरणाला किती गुण द्यावेत, यांवर वाद झडतात. परंतु एका उताऱ्याखाली जे पाच-सात प्रश्न छापले जातात, ते नेमकी कशाची परीक्षा घेतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी आपला मानलेला नाही. तो शिक्षणशास्त्राचा विषय आहे असे म्हणून आपण तो बाजूस सारतो. वस्तुतः संहितेचा अर्थ लावणे आणि लावलेला अर्थ संहितेशी ताडून पाहणे हे समीक्षेचेच काम होय; मग ती संहिता ज्ञानेश्वरीतील ओवी असो की दहावीच्या परीक्षेतील लहानसा गद्य उतारा असो. प्रस्तुत लेखात या उताऱ्यांचा आणि त्यांच्या सरावाचा विचार याच भूमिकेवरून करावयाचा आहे.

उदाहरणादाखल महाराष्ट्र राज्य मंडळाची परीक्षा समोर ठेवू. हे मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. म्हणजे दहावीस बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या गाठीशी इंग्रजीची सुमारे दहा वर्षे असतात. परीक्षेत त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकातील उतारे येतात, तसेच पाठ्यपुस्तकाबाहेरील, म्हणजे अपठित उतारेही येतात. त्यांवर विधाने बरोबर की चूक ते सांगणे, तक्ता वा आकृती पूर्ण करणे, कारणे देणे, शब्द शोधणे, वाक्यरूपांतर करणे आणि शेवटी स्वतःचे मत मांडणे अशी कामे त्यास दिली जातात. या सर्वांचा सराव वर्षभर चालतो. तरीही हाच विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर दोन पाने सलग इंग्रजी गद्य वाचून त्यातील युक्तिवाद सांगू लागला की अडखळतो, हा अध्यापकांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. सराव पुष्कळ आणि वाचन थोडे, या विसंगतीचे मूळ प्रश्नांच्या रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

हे प्रतिपादन इंग्रजीपेक्षा मराठीतूनच अधिक स्पष्ट होईल. पुढील वाक्य पाहावे :

काल सायंकाळी डिमक्या भोरंगाने तीन लुपट्या खिरमटून ठेवल्या, कारण त्याला टवांडीची भीती वाटत होती.

या वाक्याला अर्थ नाही. त्यातील मुख्य शब्द केवळ रचलेले आहेत. आता त्यावर प्रश्न विचारू. लुपट्या कोणी खिरमटून ठेवल्या? डिमक्या भोरंगाने. किती लुपट्या खिरमटल्या? तीन. त्या का खिरमटल्या? टवांडीची भीती वाटत होती म्हणून. प्रयोग बदला : डिमक्या भोरंगाकडून तीन लुपट्या खिरमटल्या गेल्या. चारही उत्तरे बिनचूक आहेत. परीक्षकाला गुण द्यावेच लागतील. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक दिल्यासारखे दिसते, पण तेही ‘कारण’ या शब्दापुढचा भाग उचलूनच मिळालेले आहे.

ही उत्तरे देताना विद्यार्थ्याने काहीच केले नाही, असे नव्हे. कर्ता कोणता, कर्म कोणते, विशेषण कशाला लागते, हे त्याने ओळखले. भाषेच्या ज्ञानाची ही पहिली पायरी होय व तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु भोरंग म्हणजे कोण, लुपट्या खिरमटल्याने टवांडी कशी टळते, हे न कळताही जर पूर्ण गुण मिळत असतील, तर त्या गुणांना ‘आकलनाचे गुण’ म्हणणे योग्य ठरत नाही. ते उत्तरशोधाचे गुण आहेत. प्रश्नातील एक शब्द घ्यावा, तो उताऱ्यात कोठे आहे ते पाहावे, आणि त्या शब्दाच्या अलीकडचा-पलीकडचा मजकूर उतरून काढावा, ही युक्ती थोड्या सरावाने कोणालाही साधते. बाजारातील मार्गदर्शके व अपेक्षित प्रश्नसंच हीच युक्ती शिकवितात. त्यांना दोष देऊन मात्र भागणार नाही. परीक्षा जे मागते, तेच ते पुरवितात.

३

याच्या उलट प्रकारचा दोषही आढळतो. काही प्रश्नांची उत्तरे उतारा मुळीच न वाचता देता येतात. झाडांचे फायदे, व्यायामाचे महत्त्व, थोर पुरुषांचा साधेपणा असे विषय असले, म्हणजे सामान्य ज्ञान आणि शिष्टसंमत मत एवढ्यावर काम भागते. हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालय-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेतील वाचनाचे प्रश्न उताऱ्यांवाचून विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा प्रयोग स्टुअर्ट कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व १९९० साली प्रसिद्ध केला. केवळ अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत, त्यांहून बरीच अधिक उत्तरे बरोबर आली. तज्ज्ञांनी काळजीपूर्वक घडविलेल्या परीक्षेची ही स्थिती असेल, तर घाईने तयार होणाऱ्या सरावसंचांविषयी निराळे सांगावयास नको.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण त्यात अन्याय आहे. उतारा इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत आणि उत्तरही इंग्रजीतच अशी आपली रीत आहे. इलाना शोहामी यांनी इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला. उतारा इंग्रजीच ठेवून प्रश्न हिब्रू या विद्यार्थ्यांच्या भाषेत विचारले असता ते सोपे गेले, आणि हा फरक दुर्बल विद्यार्थ्यांच्या बाबतीत विशेष दिसला. याचा अर्थ असा की, ज्याला आपण आकलनाचे अपयश समजतो त्यातील काही भाग प्रश्न न कळल्याचा असतो. आणि उत्तर लिहिता न येण्याची अडचण त्यात आणखी भर घालते, हे उघडच आहे.

आता हे दोन निष्कर्ष एकत्र करावेत. ज्याला उतारा समजला नाही, पण शब्द जुळविता आले, त्याला गुण मिळतात. ज्याला उतारा समजला, पण जो आपल्या शब्दांत इंग्रजी वाक्य रचताना चुकला, त्याचे गुण जातात. किंबहुना हा दुसरा विद्यार्थी लवकरच शहाणा होतो. स्वतः विचार करून लिहिण्यापेक्षा उताऱ्यातील वाक्य तसेच्या तसे उतरविणे अधिक सुरक्षित आहे, हे त्याच्या लक्षात येते. अशा रीतीने परीक्षा आकलनाचे मापन करीत नाही एवढेच नव्हे, तर समजून घेणाऱ्यालाही न समजता लिहिण्याकडे वळविते.

४

मग आकलन म्हणावयाचे कशास? एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली शाळकरी मुलांनी छोट्या परिच्छेदांवरील प्रश्नांना दिलेली चुकीची उत्तरे तपासली. त्यांना असे आढळले की, मुले एखाद्या शब्दाला प्रमाणाबाहेर महत्त्व देतात, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात, आणि त्यामुळे वाक्यांचा परस्परसंबंध सुटतो. परिच्छेद समजणे हे गणिताचे उदाहरण सोडविण्यासारखे आहे. योग्य घटक निवडणे, त्यांना योग्य वजन देणे व त्यांची सांगड घालणे हे त्याचे स्वरूप होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज येथे कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांच्या हाती कविता दिल्या, त्यांचे अभिप्राय गोळा केले आणि १९२९ साली त्यांची चिकित्सा केली. मातृभाषेतील कविता वाचणाऱ्या त्या सुशिक्षित विद्यार्थ्यांच्या अडचणींच्या यादीत रिचर्ड्स यांनी पहिले स्थान दिले ते कवितेचा सरळ अर्थ न लागण्याला. समीक्षेच्या वर्गात आपण रिचर्ड्स शिकवितो. शालान्त परीक्षेचा उतारा हा त्याच प्रश्नाचा प्राथमिक अवतार आहे, हे मात्र विसरतो.

एक साधे उदाहरण कल्पू. उताऱ्यात असे आहे : पावसाच्या दिवशी एक म्हातारा दोन छत्र्या घेऊन रेल्वे-स्थानकावर येतो. प्रत्येक गाडी थांबली की तो उठून डब्यांच्या दारांकडे पाहतो. शेवटची गाडी निघून गेल्यावर तो एक छत्री उघडतो आणि दुसरी बगलेत धरून परत जातो. यावर ‘म्हाताऱ्याजवळ किती छत्र्या होत्या?’ हा प्रश्न उत्तरशोधाचा आहे. ‘दुसरी छत्री कोणासाठी होती, आणि ती व्यक्ती आली का?’ हा आकलनाचा प्रश्न आहे. ‘वाट पाहणे’ हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही. तीन वाक्यांची सांगड घातल्यावाचून तो हाती येत नाही. विशेष म्हणजे या प्रश्नाचे उत्तर अवघड इंग्रजीत द्यावे लागत नाही. दोन सोपी वाक्ये पुरतात. चांगला प्रश्न म्हणजे कठीण प्रश्न, हा समज यावरून निराधार ठरावा.

५

प्रश्नांइतकाच उताऱ्यांच्या निवडीचाही विचार केला पाहिजे. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय व अमेरिकन वाचकांस दोन पत्रे वाचावयास दिली होती. एकात भारतीय विवाहाचे वर्णन होते, दुसऱ्यात अमेरिकन विवाहाचे. ज्याला जो विवाह परिचित, ते पत्र त्याने लवकर वाचले व अधिक स्मरणात ठेवले. अमेरिकन वधू आपल्या आजीचा विवाहवेष परिधान करते, या तपशिलात तेथील वाचकाला कुलपरंपरेचा अभिमान दिसतो. एका भारतीय वाचकाला मात्र तो वेष जुनाट व कालबाह्य वाटला. येथे शब्द अडले नाहीत, प्रथा अडली. अपरिचित जगाविषयीचे उतारे देऊच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. परके जग उघडणे हे इंग्रजी शिकण्याचे एक प्रयोजनच आहे. परंतु ज्या प्रथेवर उत्तर अवलंबून आहे ती उताऱ्यातच उलगडलेली असावी. नाहीतर शहरातील विशिष्ट घरांतील मुलांना जे आयते ठाऊक असते, त्याचीच परीक्षा घेतली जाते.

शब्दसंग्रहाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. मार्सेला हू व पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कथात्म गद्य कोणाच्या साहाय्यावाचून नीट समजण्यासाठी त्यातील शेकडा ९८ शब्द परिचित असावे लागतात. हे प्रमाण शेकडा ८० वर आले तेव्हा एकाही वाचकाला पुरेसे आकलन झाले नाही. म्हणजे पाचांत एक शब्द अडला की वाचन थांबते व शब्दांची जुळवाजुळव सुरू होते. ही उणीव सरावसंच सोडवून भरून निघणार नाही, कारण त्यांत मजकूर थोडा व प्रश्न फार असतात. ती पुष्कळ आणि सोपे वाचल्यानेच भरून निघते. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी फिजी बेटांतील ग्रामीण प्राथमिक शाळांत इंग्रजी गोष्टींची सचित्र पुस्तके मोठ्या संख्येने ठेवली. त्या मुलांची वाचन व श्रवण यांतील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली, असा त्यांचा १९८३ सालचा निष्कर्ष आहे. या मुलांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती, ही गोष्ट आपल्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लाखो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासावयाच्या असतात. तेथे निश्चित उत्तराचे प्रश्नच हवेत. हा आक्षेप रास्त आहे. परंतु छत्रीच्या प्रश्नाचे उत्तरही निश्चितच आहे. निश्चितता आणि उतरवून काढण्याची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. ज्याच्या घरी इंग्रजीचा गंध नाही, त्या विद्यार्थ्याला याच सोप्या प्रश्नांनी तारले आहे; ते काढून घेतले तर तो नापास होईल. असे काही प्रश्न अवश्य राहावेत, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. वेळापत्रकातील गाडी वा औषधाच्या वेष्टनावरील सूचना शोधता येणे हीसुद्धा उपयोगाची विद्या आहे. परंतु उत्तीर्ण होऊन ज्याला पुढे एकही पान वाचता येत नाही, त्याला आपण तारले असे म्हणणे कठीण आहे. त्याची अडचण आपण दोन वर्षांनी पुढे ढकलली, एवढेच. त्याला खरोखर साहाय्य करावयाचे असेल, तर निदान वर्गातील सरावात उतारा इंग्रजी व चर्चा मराठी अशी मोकळीक असावी. काय समजले ते आधी स्वभाषेत सांगू द्यावे, मग इंग्रजीत लिहू द्यावे. यामुळे कोणते अपयश आकलनाचे आणि कोणते लेखनाचे, हे शिक्षकाला वेगळे पाहता येईल.

प्रश्नांची पारख करण्यासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली : उतारा झाकून उत्तर देता येते काय? येत असेल, तर प्रश्न उताऱ्याचा नव्हे. दुसरी : उताऱ्यातील मुख्य शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घातले तरी उत्तर देता येते काय? येत असेल, तर प्रश्न केवळ वाक्यरचनेचा आहे. तिसरी : चुकीचे उत्तर देणाऱ्यास, ते का चूक आहे, हे उताऱ्यातील शब्दांवर बोट ठेवून दाखविता येते काय? येत नसेल, तर तो प्रश्न परीक्षकाच्या मताचा आहे.

या कसोट्या लावून मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कृतिपत्रिका व प्रचलित सरावसंच तपासणे हा पदव्युत्तर प्रबंधिकेस योग्य असा विषय आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. उतारे, थोडे विद्यार्थी आणि काटेकोर वाचन एवढेच पुरे. आपल्या विभागांतून बाहेर पडणारे अनेक पदवीधर उद्या शाळांत शिकविणार आहेत, प्रश्न काढणार आहेत, उत्तरे तपासणार आहेत. अर्थ लावण्याची जी शिस्त आपण त्यांना श्रेष्ठ वाङ्मयाच्या संदर्भात शिकवितो, ती दहावीच्या उताऱ्याला लावून पाहण्याची सवय त्यांना येथेच लागली, तर तिचा लाभ शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचेल.