शीळ, ध्रुवा आणि पात्रधून : कथनातील अनुपस्थितीचा स्वर

१

पात्रचित्रणाचा विचार करताना मराठी समीक्षा प्रायः तीन साधने गृहीत धरते : निवेदकाने केलेले वर्णन, पात्राची कृती आणि पात्राचे बोलणे. नाटकाच्या संदर्भात यांत अभिनय व वेशभूषा यांची भर पडते. संगीताचा विचार मात्र तेथेही 'पदे' या सदराखाली, बहुधा गायकीच्या अंगाने होतो. एखादी धून हीच पात्रचित्रणाचे साधन होऊ शकते, किंबहुना पात्र नसताना त्याच्या जागी उभी राहू शकते, ही शक्यता या चर्चेत क्वचितच येते. व्हिडिओ गेम या माध्यमाने मात्र गेल्या तीन दशकांत ती पद्धतशीरपणे वापरली आहे. एका विशिष्ट पात्राशी जोडलेल्या आणि कथनात पुनःपुन्हा येणाऱ्या अशा स्वररचनेला येथे 'पात्रधून' म्हटले आहे.

पात्रधून पात्राचा स्वभाव सुचवते व त्यामुळे कथन सखोल होते, असे सामान्यतः मानले जाते. शूराला रणवाद्ये आणि विरहिणीला करुण स्वर, अशी ही समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. स्वभाव सुचवणे हे काम चेहरा, पोशाख आणि भाषा अधिक नेमकेपणाने करू शकतात. धून पात्राच्या देहापासून सुटी होऊ शकते आणि सुटी झाल्यावरही त्याचीच राहते, हे तिचे खरे वेगळेपण होय. कथन सखोल होते ते या सुटेपणामुळे.

२

पात्र आणि गीत यांच्या संबंधाचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. नाट्यशास्त्राच्या बत्तिसाव्या अध्यायात ध्रुवागीतांचे पाच प्रकार सांगितले आहेत : प्रावेशिकी, नैष्क्रामिकी, आक्षेपिकी, प्रासादिकी आणि अंतरा. पात्र रंगभूमीवर येताना प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी. चालू रस खंडित करून दुसरा आणायचा असता आक्षेपिकी, प्रेक्षकांचे चित्त प्रसन्न व स्थिर करायचे असता प्रासादिकी आणि प्रयोगात पडलेली फट झाकण्यासाठी अंतरा. ध्रुवेत पात्राचे नाव घेण्याऐवजी चंद्र, सूर्य, हत्ती, हंस अशा उपमानांतून त्याची पदवी आणि अवस्था सुचवली जाते. तथापि ध्रुवा प्रसंगाशी बांधलेली आहे. ती पात्राच्या येण्याशी किंवा जाण्याशी संलग्न असते. पात्र नसताना त्याची आठवण वाहून नेण्याची जबाबदारी तिच्यावर मुख्यतः नाही.

युरोपीय परंपरेत ही जबाबदारी वाग्नरच्या संगीतनाट्याने उचलली. त्याची चार भागांची 'रिंग' नाट्यमालिका १८७६ मध्ये बायरॉइट येथे प्रथम सलग सादर झाली. तिच्यातील आवर्ती स्वरबंधांना पुढे 'लाइटमोटिफ' हे नाव रूढ झाले. मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस सीगफ्रीडचा स्वरबंध ऐकू येतो, तेव्हा सीगफ्रीड अद्याप जन्मलेलाही नाही. येथे धून पात्राच्या आधी येते. रंगमंचावरील पात्रांना जे ठाऊक नाही ते वाद्यवृंदाला ठाऊक आहे. म्हणजेच वाद्यवृंद हा सर्वज्ञ निवेदक झाला आहे.

हे तंत्र चित्रपटाने उचलल्यावर त्याची काय गत झाली, याची कठोर चिकित्सा अडोर्नो आणि आइस्लर यांनी चित्रपटसंगीतावरील आपल्या ग्रंथात (१९४७) केली आहे. समोर दिसत असलेल्या पात्राची धून वाजवणे म्हणजे सर्वांनी ओळखलेल्या धन्याच्या आगमनाची वर्दी चोपदाराने देण्यासारखे आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. कारण त्यातूनच पात्रधुनेचा निकष हाती येतो. पात्र समोर असताना वाजणारी धून पुष्कळदा पुनरुक्ती करते. पात्र समोर नसताना वाजणारी धून कथन करते.

३

या निकषाची मराठीतील अत्यंत शुद्ध कसोटी बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांच्या 'शीळ' या कवितेत सापडते. साहित्य अकादमी पुरस्कार १९८६ साली त्यांच्या 'खूणगाठी' या संग्रहाला मिळाला असला, तरी मराठी वाचकाच्या मनात त्यांचे नाव या एका कवितेशी कायमचे जोडलेले आहे.

कवितेत बोलते ती एक तरुणी. ज्याच्याविषयी ती बोलते त्या 'राया'ला संहितेत एकही उद्गार नाही. तिच्यापर्यंत आणि म्हणून वाचकापर्यंत पोहोचते ती रानातून जाणारी त्याची शीळ. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर शीळ हे निर्देशक चिन्ह आहे. धूर जसा अग्नीकडे निर्देश करतो, तशी शीळ कोणा एका विवक्षित देहाकडे, त्याच्या श्वासाकडे निर्देश करते. पण ध्रुवपदाच्या रूपाने ती परत परत येते तेव्हा हा निर्देश सैल होतो. शीळ रायाकडे बोट दाखवणे सोडून रायाची जागा घेते. रान, ऋतू आणि ऐकणारीचे मन यांना व्यापून राहते. जेनेतने बोलणारा कोण आणि पाहणारा कोण असा जो भेद केला आहे, त्याला येथे तिसरा प्रश्न जोडावा लागतो : ऐकणारा कोण? शीळ रायाची असली तरी तिचा अर्थ ऐकणारीचा आहे.

देशपांडे यांनी शीळ आणि कुळशीळ यांचे यमक साधले आहे, हीही गोष्ट लक्षणीय आहे. एका शब्दात तोंडाने घातलेली धून आहे, दुसऱ्यात घराणे व चारित्र्य. पात्राची धून आणि पात्राची ओळख यांचे जे समीकरण सिद्धान्ताच्या पातळीवर मांडावे लागते, ते मराठी भाषेच्या ध्वनीतच असे सहज मिसळून जाते.

तरीही छापील कवितेत धून नाही, धुनेचे नाव तेवढे आहे. ती उणीव संहितेबाहेर भरून निघाली. गायक जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी 'शीळ' ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात तिला आरंभीचे स्थान मिळाले. 'शीळ' हा संग्रह १९५४ साली निघाला. म्हणजे कविता पुस्तकात येण्याच्या सुमारे दोन दशके आधी ती आवाजाच्या रूपाने घरोघरी पोहोचली होती. तरुणीचे बोल येथे पुरुषाच्या कंठातून येतात. बोलणारी, शीळ घालणारा आणि गाणारा हे तीन वेगळे असूनही श्रोत्याला त्यात विसंगती जाणवत नाही. कारण शीळ ही आता कोणा एकाच्या देहाची मालमत्ता उरलेली नाही.

४

व्हिडिओ गेममधील पात्रधुनेचा विचार या पार्श्वभूमीवर केल्यास तिचे मर्म स्पष्ट होते. नोबुओ उएमात्सु या जपानी संगीतकाराने 'फायनल फँटसी ६' (१९९४) या खेळातील चौदा प्रमुख पात्रांपैकी बहुतेकांना स्वतंत्र धुना दिल्या. हे यंत्र एका वेळी केवळ आठ ध्वनिमार्ग वाजवू शकत होते. मानवी गायन त्याच्या आवाक्याबाहेर होते. तरीही या खेळात एक ऑपेरा आहे. सेलेस ही सेनानी दुसऱ्या स्त्रीची भूमिका घेऊन रंगमंचावर उभी राहते. गीताचे शब्द पडद्यावर अक्षरांत उमटतात आणि कंठाच्या जागी कृत्रिम स्वर वाजतो. ती गाते ती चाल मात्र तिच्या स्वतःच्याच पात्रधुनेची आहे. सोंग दुसरीचे, धून स्वतःची : पात्र जे लपवते ते संगीत उघड करते. 'शीळ'मध्ये छापील शब्द होते, धून नव्हती. येथे धून आहे, शब्द आहेत, कंठ नाही. दोन्हीकडे उणीव भरून काढण्याचे काम आस्वादकावर सोपवलेले आहे.

याच खेळाच्या पूर्वार्धात नकाशावर भटकताना टेरा या पात्राची धून वाजत राहते. कथेच्या मध्यावर जगाचा विध्वंस होतो आणि नकाशाचे संगीत बदलते. भूगोल आणि व्यक्ती यांचे जे अद्वैत तासन्‌तास भटकण्यातून नकळत रुजले होते, त्याची जाणीव ते मोडल्यावर होते. विध्वंस डोळ्यांना दिसतो. हरवलेपण कानांना कळते.

'फायनल फँटसी ७' (१९९७) मध्ये हे तंत्र टोकाला जाते. एअरिथ या फुले विकणाऱ्या मुलीच्या धुनेचे एक रूप तिच्या फुलांनी भरलेल्या पडक्या चर्चमध्ये आधी ऐकलेले असते. तिची हत्या होते त्या क्षणी मूळ धून सुरू होते आणि लगेच एक लढाई उभी ठाकते. लढाई सुरू होताच संगीत बदलून युद्धाचे व्हावे, हा या खेळप्रकाराचा पक्का संकेत. पण येथे ते बदलत नाही. खेळणाऱ्याला शस्त्र चालवावेच लागते आणि कानावर मात्र मृत मुलीची धून पडत राहते. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आक्षेपिकी अपेक्षित असता ती नाकारली गेली आहे. करुणाला वीराची वाट दिलेली नाही. शोक करायलाही सवड न मिळण्याचा हा अनुभव वर्णनाने साधला नसता.

५

येथवर धून कथाविश्वाच्या बाहेरून येते. पात्रांना ती ऐकू येत नाही. 'शीळ'शी अधिक जवळचे नाते आहे ते कोजी कोंडो यांचे संगीत असलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम' (१९९८) या खेळाचे. त्यात सारिया ही अरण्यातील बालमैत्रीण नायकाला एक धून शिकवते. हरवून टाकणाऱ्या त्या अरण्यात हीच धून वाजत असते आणि ती जिकडून मोठ्याने ऐकू येईल तिकडे गेल्यास वाट सापडते. पुढे नायकाच्या आयुष्यातली सात वर्षे एका झोपेत निघून जातात; तो मोठा होतो, सारिया मूलच राहते आणि नंतर जगाच्या नित्य व्यवहारातून दूर होते. धून मात्र नायकाजवळ, पर्यायाने खेळणाऱ्याच्या बोटांत, उरते.

रानातून जाणारी शीळ आणि अरण्यात वाट दाखवणारी धून यांत वरवरचे साम्य आहेच. महत्त्वाचा आहे तो भेद. 'शीळ'मधील तरुणी ऐकते. खेळणारा ऐकतो आणि वाजवतोही. बटणे दाबून धून स्वतः काढावी लागत असल्यामुळे ती लक्षात ठेवणे हे कथनाचाच भाग होते. कादंबरीत स्मरण पात्राचे असते आणि वाचक त्याचा साक्षी असतो. येथे स्मरण खेळणाऱ्याचे स्वतःचे आहे. अनुपस्थित पात्राला हाक मारण्याची कृतीही त्याचीच.

६

पात्रधुनेच्या मर्यादा दृष्टीआड करता येत नाहीत. खेळातील काळ खेळणाऱ्याच्या हाती असल्याने धून आवर्तनात बांधावी लागते. एखादा एकाच ठिकाणी तासभर रेंगाळला तर तीच धून शेकडो वेळा वाजून अर्थहीन होते. पात्र पडद्यावर आले की धून वाजवायची, एवढ्यावरच जे खेळ थांबतात ते चोपदाराच्या आक्षेपाला पात्र ठरतात. शिवाय आवर्तन म्हणजे ध्रुवपद नव्हे. ध्रुवपद दर कडव्यानंतर नव्या अर्थाने परतते, आवर्तन केवळ परतते. आवर्तनाला ध्रुवपदाची प्रतिष्ठा कथेतील बदलामुळे मिळते. एअरिथची धून स्वरांनी तीच राहते. ती जिची आहे तिचे नसणे तिला बदलते.

या माध्यमाला साहित्य म्हणावे की नाही, हा वाद येथे गौण आहे. त्याने समीक्षेपुढे ठेवलेला प्रश्न साहित्याचाही आहे : पात्र म्हणजे संहितेत दिसणारी व्यक्ती, की ती नसताना आस्वादकाच्या मनात टिकणारा बंध? 'शीळ'ने दुसऱ्या उत्तराकडे फार पूर्वी निर्देश केला होता. मराठी समीक्षेने त्या कवितेची गेयता वाखाणली. परंतु तिच्यातील शीळ हे एक पात्रही आहे, या अंगाने तिचे वाचन होणे अद्याप बाकी आहे.